पडद्यावरचं पांढरं चिलखत आपल्या तपनीत

वरुड तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. स्टार वॉर्समधल्या पांढऱ्या सैनिकाचं, म्हणजे स्टॉर्मट्रूपरचं चिलखत त्याला हुबेहूब पडद्यावर दिसतं तसं करायचं आहे. आधी गावातल्या तान्ह्या पोळ्याला आणि मग थंडीत कॉलेजच्या गॅदरिंगला घालायचं. थ्रीडी प्रिंट करू, फोम वापरू की प्लास्टिकचा पत्रा? अंगावर किती वेळ घालता येईल, किती वर्षं टिकेल, आणि पुढं भाड्यानं देता येईल का?

भाऊ, मी ब्रह्मपुरीकडचा. झाडीपट्टीच्या नाटकांना मुकुट, ढाली, चिलखतं पुरवणं हा माझा धंदा, आणि सिनेमातली चिलखतं हा नाद. दोन्हीकडचा हात असल्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही साहित्यापासून सुरुवात केली. मी उन्हापासून करतो, कारण या विषयावरचं जे काही वाचायला-पाहायला मिळतं ते बहुतेक थंड देशातल्या लोकांनी केलेलं असतं. त्यांचा हॉल वातानुकूलित, त्यांची गाडी सावलीत. आपल्याकडे 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता. तो सावलीतला आकडा. टिनाच्या छपराखालच्या खोलीत किंवा काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या बोलेरोत त्याहून कितीतरी जास्त तापतं. आणि थ्रीडी प्रिंटरवाले सगळ्यात जास्त वापरतात ते पीएलए प्लास्टिक साधारण 60 अंशाला मऊ पडतं. म्हणजे महिनाभर राबून प्रिंट केलेलं हेल्मेट मागच्या सीटवर ठेवून तुम्ही लग्नात जेवायला गेलात, तर परत येईस्तोवर त्याचा जबडा खाली लोंबलेला दिसेल. पीईटीजी नावाचं दुसरं प्लास्टिक साधारण 80 पर्यंत तग धरतं, एबीएस नावाचं तिसरं 105 च्या आसपास. त्यामुळे विदर्भात पीएलएचं चिलखत करू नका. बंदुकीचे, पट्ट्याचे बारीक भाग, कानाच्या टोप्या, एवढ्यापुरता प्रिंटर ठीक आहे, आणि तोही पीईटीजीत.

आता उरले दोन. फोम आणि एबीएस प्लास्टिकचा पत्रा.

मूळ चिलखत कशाचं होतं ते आधी सांगतो, कारण हुबेहूबचा अर्थ तिथून ठरतो. 1977 चा पहिला सिनेमा इंग्लंडमध्ये तयार होत होता तेव्हा हे भाग मातीत घडवून, त्यांचे साचे काढून, त्यावर गरम केलेला प्लास्टिकचा पत्रा हवा ओढून बसवले गेले. याला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. बिस्किटाच्या पुड्यातला ट्रे याच पद्धतीनं निघतो. काम घाईचं होतं, पैसा बेताचा होता, आणि ते दिसतं. हेल्मेटच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नाहीत. काळे-करडे पट्टे ब्रशनं रंगवलेले आहेत, कडा थरथरलेल्या आहेत. तुम्ही संगणकावर चेहरा अगदी सममित करून काढला तर तो देखणा होईल, पण सिनेमातला राहणार नाही. हौशी मंडळी पहिल्यांदा इथंच फसतात, चुका सुधारायला जातात.

दुसरी गोष्ट, एकच सिनेमा आणि त्यातला एकच सैनिक धरा. त्याच पहिल्या सिनेमात जवळून दाखवायची हेल्मेटं वेगळी आणि धावपळीच्या प्रसंगांची वेगळी होती. जवळच्यांना डोळ्यांच्या काचा बाहेर फुगलेल्या, धावपळीच्यांना सपाट. पुढच्या सिनेमांत आणखी फरक पडत गेले. खेळणी, पोस्टर, वाढदिवसाच्या केकवरचं चित्र यांवरून काही ठरवू नका. सिनेमा थांबवून थांबवून पाहा आणि वहीत लिहून काढा. डाव्या पायाच्या नडगीवर गुडघ्याशी एक जास्तीची चौकटी पट्टी आहे, उजवीकडे नाही. दारूगोळ्याच्या डब्यांची पट्टी उजव्या मांडीवर आहे, डावीकडे नाही. बंदुकीची म्यान डाव्या बाजूला. असे डावे-उजवे फरक पकडले की जाणकार माणूस दुरूनच मान डोलावतो.

या छंदाची जगभर पसरलेली एक संघटना आहे, 501 वी लीजन. 1997 मध्ये सुरू झाली. अठरा वर्षांच्या वरचे लोक तिथं सभासद होतात, आणि त्याआधी त्यांचं चिलखत फोटोवरून तपासलं जातं. प्रत्येक पात्राची तपशीलवार यादी त्यांनी करून ठेवली आहे, कुठल्या भागाला कोणता रंग, कुठं किती रुंदीची पट्टी. स्टॉर्मट्रूपरसाठी तर साध्या मान्यतेच्या वर आणखी दोन पायऱ्या आहेत, सगळ्यात वरची सेंच्युरियन. सभासद व्हायचं नसलं तरी ती यादी छापून भिंतीला चिकटवा. त्यांच्यातल्या काही लोकांचा काटेकोरपणा मला वेडेपणाच वाटतो, स्क्रूच्या डोक्याची खाच कशी आहे यावर चर्चा चालते. पण यादी पक्की आहे, यात वाद नाही.

तान्हा पोळा श्रावण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे पाऊस, चिखल, दमट हवा, लाकडी बैल ओढणारी पोट्टी आणि ढोल. तिथं कोणी पट्टीची रुंदी मोजत नाही. गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत, हवा थंड, दिवे प्रखर, समोर मोबाईल. माझं सरळ मत असं की पोळ्यासाठी फोमचा संच करा आणि त्यालाच गॅदरिंगच्या एबीएस संचाची तालीम समजा. फोममध्ये तुमच्या अंगाची मापं पक्की होतात. एबीएसचा पत्रा एकदा कापला की परत जोडता येतो, पण जोड लपत नाही.

फोम म्हणजे ईव्हीए, चपलेचे तळ आणि व्यायामाच्या चटया ज्याच्या असतात तो. 5 मिमी आणि 10 मिमी जाडीचे तुकडे लागतील, नक्षीला 2 मिमी. घनता जास्त असलेला घ्या. अंगठ्यानं दाबून सोडला की खळगा लगेच भरून आला पाहिजे. जोडायला चांभाराकडचं रबरी सोल्युशन किंवा फेविकॉल एसआर 998. दोन्ही कडांना लावायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. बोट टेकवल्यावर चिकटल्यासारखं वाटतं पण बोटाला लागत नाही, तेव्हाच दाबायचं. ओलं असताना दाबलं तर जोड सरकतो, आणि पहिल्याच उन्हात उघडतो. जोडून झाल्यावर हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं यंत्र, फिरवा, फोमचा पृष्ठभाग किंचित चमकायला लागतो, त्याची छिद्रं बंद होतात. पांढरा फेविकॉल पातळ करून तीन-चार हात द्यायचा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. आपल्या पावसात तो करू नका. दमट हवेत तो थर पुन्हा चिकट होतो आणि काखेत, मांडीला फोमला फोम चिकटतो. त्यापेक्षा गच्चीला लावतात ते लवचिक ॲक्रिलिक वॉटरप्रूफिंग पातळ हातानं लावा. फोम वाकला तरी तडकत नाही, आणि त्यावर रंग बसतो.

एबीएसचं काम वेगळं आहे. पत्रा 2 मिमी जाडीचा घ्या. दीड मिमीचा स्वस्त पडतो, पण ओढल्यावर कोपऱ्यात कागदासारखा पातळ होतो. साचा हवा. तो घडवायला बाहेर जायची गरज नाही. नागपूरच्या चितार ओळीतले किंवा तुमच्या तालुक्यातले मूर्तिकार गणपती-दुर्गेचं काम आटोपलं की मोकळे असतात, आणि फोटोवरून माती घडवण्यात त्यांचा हात आपल्यापेक्षा शंभरपट बसलेला असतो. त्यांना दोनच गोष्टी समजावून सांगा. एक, साच्याच्या बाजू किंचित बाहेर झुकलेल्या हव्यात, नाहीतर थंड झालेला पत्रा निघणार नाही. दोन, खोलगट जागी सुईएवढी भोकं हवीत, म्हणजे तिथली हवा खाली ओढली जाते. प्लास्टरचा साचा पूर्ण वाळवा, ओलसर राहिला तर गरम पत्र्याखाली वाफ धरते.

पत्रा ओढायला घरी लाकडी चौकट, भट्टी आणि व्हॅक्यूम क्लीनर लावून लहान भाग निघतात. छाती आणि पाठ मात्र मोठी यंत्रं असलेल्याकडून काढून घ्या. पॅकेजिंगचे ट्रे आणि दुकानांच्या उठावदार पाट्या काढणाऱ्यांकडे हे यंत्र असतं, एमआयडीसीत चौकशी करा. एकट्या नगासाठी ते आधी नाहीच म्हणतात. साचा तुमचा, पत्रा तुमचा आणि दुपारचा मोकळा तास त्यांचा असं बोलणं केलं की बहुधा जमते. पावसाळ्यात एक जपा. एबीएस हवेतला ओलावा पितं. तसाच तापवला तर पत्र्यावर बारीक फोड येतात. ओढायच्या आधी दोनेक तास 80 अंशाच्या आसपास सुकवून घ्या, किंवा सरळ दिवाळीनंतर हे काम काढा.

आता मापाकडे येतो, कारण चिलखत ओळखीचं वाटतं की बोचकं वाटतं हे मापावर ठरतं. मूळ चिलखतं उंच, शिडशिडीत नटांच्या मापाची होती. आपल्याकडचा साडेपाच फुटी माणूस तसाच संच घालतो तेव्हा मांडीचा भाग जांघेत घुसतो, नडगीचा भाग गुडघ्यावर चढतो आणि चाल बदकाची होते. जुना टी-शर्ट आणि पँट घाला, त्यावर कोणाकडून तरी डक्ट टेप घट्ट गुंडाळून घ्या, पाठीमागून कापून काढा, आत चिंध्या भरा. हा तुमचा पुतळा. फोमचा प्रत्येक भाग त्यावर लावून पाहा. कापायचं झालं तर मांडीला वरून, नडगीला मागून आणि वरून, दंडाला मागच्या सांध्यातून. पुढची नक्षी, घड्या, उठाव यांना हात लावायचा नाही, ओळख तिथं असते. छाती आणि पोट यांच्यात फट दिसता कामा नये, आणि खांद्याच्या घंटा, म्हणजे खांद्यावरचे घंटेसारखे गोल भाग, छातीला भिडलेल्या हव्यात. तिथं चार बोटं काळं दिसलं की बाकी कितीही बारकावे करा, उपयोग नाही.

सांध्यांबद्दल थोडं सावकाश सांगतो. हात-पायाचे भाग दोन अर्ध्या नळ्यांचे असतात. बरेच जण त्या एकमेकांवर चढवून चिकटवतात. मूळ पद्धतीत कडेला कड भिडवून वरून पट्टी लावलेली आहे, आणि पडद्यावर तीच उभी रेघ दिसते. हाताला साधारण 15 मिमी रुंदीची पट्टी, पायाला पुढून 20, मागून 25. एबीएस कापायला करवत नको. पोलादी पट्टी ठेवून कटरनं तीन-चारदा रेघ ओढा आणि रेघेवर वाकवा, तुकडा टक्कन मोडतो. कडा पॉलिश पेपरनं गोल करा. ही कड तुमच्या गुडघ्यामागे आणि कोपराच्या आत दिवसभर घासणार आहे, धारदार राहिली तर रक्त काढते. पट्टी चिकटवताना आतून-बाहेरून चुंबकाच्या जोड्या लावा, जुन्या स्पीकरमधले चालतात, आणि रात्रभर तसंच ठेवा. फेविक्विक इथं नको. तो ठिसूळ असतो, धक्क्यानं सुटतो, आणि भोवती पांढरी धूसर राख उठवतो. रबरी सोल्युशनचा जोड सोडवून पुन्हा लावता येतो, पहिल्या संचाला ती सोय लागतेच. आतल्या बाजूच्या फटींना आणि तड्यांना एबीएसचेच बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. उघड्यावर बसून करा, वाफ डोक्यात जाते आणि चुलीजवळ पेटते.

पाठीवर कमरेशी जो करडा डबा दिसतो त्यासाठी एक पैसा जादा खर्चू नका. तो साधारण साडेसात इंच लांब आणि साठेक मिमी जाड आहे. शेतीचा 63 मिमीचा पीव्हीसी पाइप घराच्या मागे पडलेला असेलच, आणि त्याचा रंगही करडाच असतो. दोन पांढऱ्या टोप्या, दोन पत्र्याच्या पकडी, झालं.

चिलखत अंगावर टिकवतात ते आतले पट्टे. चार सेंटिमीटर रुंदीचं इलॅस्टिक, नायलॉनचा पट्टा आणि टिच बटणं. बटण थेट चिलखताला न ठोकता नायलॉनच्या तुकड्यावर ठोका आणि तो तुकडा आतून चिकटवा. म्हणजे ताण आला तर तुकडा सुटतो, पत्रा फाटत नाही. मांडीचं वजन कमरेच्या आतल्या पट्ट्यावर टांगा, नाहीतर चालता चालता ती नडगीवर जाऊन बसते.

रंगाला तालुक्याचा डेंटिंग-पेंटिंगवाला पुरे, फोम वगळता. त्याच्याकडे प्रायमर, पॉलिश पेपरचे नंबर, धूळ नसलेली खोली आणि स्प्रे गन असते. पांढरा एबीएस असेल तर मुळात रंगवायची गरज नाही, मूळ चिलखत बरंचसं तसंच होतं, दुधट पांढरं. पण उघडा एबीएस उन्हानं पिवळा पडतो. वर्षातून चार-पाचदाच घालणार असाल तर न रंगवता सावलीत ठेवा. दर सणाला उन्हात निघणार असाल तर गाडीचा दोन घटकांचा रंग मारून घ्या. चकचकीत निळसर पांढरा निवडू नका, फोटोत तो बाथरूमच्या टाइलसारखा दिसतो.

हेल्मेटमध्ये कामगारांच्या सुरक्षा टोपीतली आतली जाळी बसवा. ती मापानुसार आवळता येते आणि डोकं व कवच यांच्यात हवा राहते. डोळ्यांना गडद हिरवी काच हवी. वेल्डिंगच्या चेहरापट्टीचं हिरवट प्लास्टिक कापून लावतात, पण सगळ्यात हलक्या छटेचं घ्या. गडद छटेनं संध्याकाळी तुम्हाला स्वतःचे पायही दिसणार नाहीत. तसेही ते फारसे दिसत नाहीतच. काचेवर वाफ धरू नये म्हणून भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या कापडानं पुसा. 5 व्होल्टचे दोन छोटे पंखे, एक हवा आत घेणारा आणि एक बाहेर टाकणारा, आणि पॉवर बँक कमरेच्या डब्यात. पंख्याच्या घरघरीत बाहेरचं ऐकू येत नाही हे सोबत्याला आधी सांगून ठेवा.

आता घालण्याबद्दल, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे. आपल्या उन्हाळ्यात कूलर चालतो कारण हवा कोरडी असते, पाणी उडून जातं आणि गारवा येतो. अंगाचा घामही तेच काम करतो. चिलखतात घाम उडायला जागाच नसते, तो फक्त वाहतो. पोळ्याच्या दिवसांत बाहेरची हवाही दमट, म्हणजे पंखा गरम ओली हवाच फिरवणार. त्यामुळे पोळ्याला वीस मिनिटं घाला, हेल्मेट काढा, सावलीत बसा, ताक किंवा ओआरएस प्या, मग पुन्हा. मार्चअखेर ते पावसाळा लागेपर्यंत अंगावर चढवूच नका, मग आमंत्रण कोणाचंही असो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, बोलण्यात गोंधळ यातलं काहीही दिसलं की हेल्मेट आणि छाती तात्काळ काढायची, ओलं कापड मानेला-काखेत लावायचं, आणि माणूस शुद्धीत नीट बोलत नसेल तर दवाखाना. पट्टे कसे सुटतात हे सोबत्याला पाठ असलं पाहिजे. घरच्याच कोणाला तरी तयार करा. मित्र व्हिडिओ काढत बसतात.

आत सुती बनियन नको, तो भिजून जड होतो. खेळाडू घालतात तसले काळे, अंगाला चिकटणारे कपडे घाला. ते मूळ वेशाशीही जुळतात. घासणाऱ्या जागी पावडर. मानेभोवती बर्फाच्या जेलची पिशवी दुपट्ट्यात गुंडाळून बांधली तर बाहेरून दिसत नाही आणि जीव शांत राहतो. चढवायचा क्रम खालून वर. कपडे, बूट, नडगी, मांड्या, मग छाती-पाठ, हात, कमरपट्टा, हातमोजे आणि शेवटी डोकं. लघवीला आधी जाऊन या. या चिलखतात बसता येत नाही, टेकता येतं, म्हणून मिरवणुकीच्या वाटेवर कुठं ओटा, कुठं ट्रॉलीची कड आहे हे पाहून ठेवा.

स्टेजसाठी माझ्या धंद्यातली एक गोष्ट. झाडीपट्टीत नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, शेवटचा प्रेक्षक मंडपाच्या टोकाला ताडपत्रीवर बसलेला असतो. त्याला 15 मिमीची पट्टी दिसत नाही, त्याला चाल दिसते. गॅदरिंगला उभं कसं राहायचं, मान कशी वळवायची याचा सराव पूर्ण चिलखतात करा. हेल्मेटमध्ये नुसती मान हलवली तर बाहेरून काहीच कळत नाही, खांद्यापासून वळावं लागतं. आणि स्टेजच्या पायऱ्या उतरताना सोबत्याचा हात धरा, लाज वाटू देऊ नका.

बंदूक. सिनेमातली ती बंदूक ब्रिटिशांच्या स्टर्लिंग सबमशीनगनवर बेतलेली आहे, म्हणजे हुबेहूब केली तर ती खऱ्या बंदुकीसारखीच दिसते. कॉलेजात आधी परवानगी घेऊन स्टेजवर वापरा, जाता-येता पिशवीत झाकून न्या. पोळ्याच्या गर्दीत, आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर ती हातात नको. आमच्याकडे गडचिरोलीच्या बाजूला तर मी ती घरातूनच बाहेर काढत नाही, आणि का ते सांगायची गरज नाही.

टिकण्याबद्दल. फोमचा संच नीट ठेवला तर दोन-तीन पोळे निघतात, मग घड्या पडतात आणि रंग सुटतो. एबीएस वर्षानुवर्षं चालतो, डागडुजी करत गेलात तर. घालून आल्यावर त्याच रात्री आतून ओल्या कापडानं, पातळ साबणानं पुसा आणि सावलीत वाळवा. थिनर, पेट्रोल, रॉकेल लावू नका, एबीएसला ते खातात, आज डाग गेला तरी उद्या तडा जातो. तडा दिसलाच तर त्याच्या टोकाशी बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढं धावत नाही. मग आतून पट्टी आणि एबीएसची लांबी. ठेवायला तुमच्याकडे संत्र्याची प्लास्टिक क्रेट आहेत, त्यापेक्षा चांगलं काही नाही. हवा खेळते, एकावर एक रचता येतात. प्रत्येक भाग जुन्या सुती दुपट्ट्यात गुंडाळा, मांडीत नडगी कोंबू नका. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकला मऊ करते. कडुनिंबाचा वाळका पाला ठेवा. उंदीर मात्र पाल्याला जुमानत नाही, त्याला इलॅस्टिक फार आवडतं, म्हणून पट्टे काढून पत्र्याच्या डब्यात वेगळे ठेवलेले बरे. पॉवर बँक कधीही संचासोबत गाडीत सोडू नका.

शेवटचा प्रश्न भाड्याचा. नावाचे आणि रूपाचे हक्क कंपनीचे आहेत, सिनेमाचं नाव लावून धंदा करायचा नाही, एवढं धरून चला. इंग्लंडमध्ये ही हेल्मेटं बनवणाऱ्या कारागिरावर मूळ कंपनीनं खटला भरला होता. 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हेल्मेट हे शिल्प नाही, त्यामुळे शिल्पाला मिळणारं संरक्षण त्याला तिथं मिळत नाही. पण तो तिथला कायदा, त्या एका मुद्द्यापुरता. त्यावर विसंबून आपल्याकडे दुकान थाटू नका. व्यवहार म्हणूनही एबीएसचा संच भाड्यावर परवडत नाही. तो तुमच्या अंगाला कापलेला असतो, दुसऱ्यानं घातला की पहिल्याच दिवशी मांडीचा सांधा उघडतो. वाढदिवसाला, शाळेला काही द्यायचंच असेल तर स्वतःच्या डोक्यातून काढलेल्या एखाद्या अंतराळ सैनिकाचा फोमचा सैल संच वेगळा करा, मागून वेल्क्रोनं लहान-मोठा होणारा, आणि त्याच्या हेल्मेटचं आतलं कापड प्रत्येक भाड्यानंतर बदला.